लावलं ना

"ताई, हा हेडफोन ऐकाच. बास असा, की छातीत धडधडेल!" दुकानदाराने तिसरं खोकं उघडलं.

तिच्या छातीत आधीच धडधडत होतं. चहाच्या सुट्टीत ऑफिसातून सटकून आली होती ती, आणि पावणेचार इथेच वाजले होते. चौकशी खात्यात ती टायपिस्ट. लोकांचे रेकॉर्ड केलेले जबाब कानाला लावायचे आणि कागदावर उतरवायचे, रोजचे सात-आठ तास. जुन्या हेडफोनला महिनाभर खरखर लागली होती. त्यापायी दोन चुका झाल्या, आणि साहेबांनी परवा सगळ्यांदेखत सुनावलं, "बाई, आणखी एक चूक झाली तर मी दुसरी टायपिस्ट बघतो." वर नवा हेडफोन तिनेच स्वतःच्या पैशाने आणायचा. वा रे न्याय!

"अहो, मला गाणी नाही ऐकायची, माणसं ऐकायचीत," ती वैतागून म्हणाली. "स्वस्त द्या, हलका द्या, चष्म्याची काडी कानामागे दाबेल असा नको. आणि माणूस बोलला तेवढंच ऐकू यायला हवं. पदरचं तिखटमीठ नको."

दुकानदाराने डोकं खाजवलं आणि काउंटरखालून एक करडा, ओबडधोबड हेडफोन काढला. "मग हा घ्या. दिसायला हा असा, म्हणून कुणी ढुंकून बघत नाही."

तिने तो घातला. काडी टोचली नाही. किंमतही परवडणारी होती. आवाज तपासायला म्हणून तिने मोबाइलवर कालचाच जबाब लावला, गोदामाच्या पहारेकऱ्याचा. मागच्या दाराने चोरी झाली होती.

"मामा, मागच्या दाराला कुलूप लावलं होतं का?" साहेब विचारत होते.

"लावलं ना."

ती चपापली. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. लावलं ना. पुन्हा ऐकलं. तेच. काल तिने टाइप केलं होतं, 'लावलं नाही.' जुन्या हेडफोनात 'ना'वर खरखर आली होती, आणि त्या खरखरीत 'ही' तिने आपल्या मनानेच ऐकलं होतं.

तिने हेडफोन काढून सरळ दुकानदाराच्या कानांवर चढवला. "काय म्हणताहेत हे?"

"लावलं ना, म्हणताहेत. वैतागलेत बिचारे. का हो ताई?"

त्या एका शब्दावर मामांना कामावरून काढायचं ठरलं होतं. तसं पत्रही सकाळी तिनेच टाइप केलं होतं. चारला साहेब सह्यांना बसतात, आणि मामा सकाळपासून केबिनबाहेरच्या बाकावर बसून होते.

सांगितलं, तर ही तिसरी चूक. घरात कमावती ती एकटीच. गप्प बसलं, तर कळणार कुणाला? एकदा टाइप झालेला जबाब परत कोण ऐकतंय! तिने पर्स उघडली, मिटली, पुन्हा उघडली. घड्याळात चार वाजून दोन मिनिटं झाली होती. स्वतःचाच संताप आला तिला. तिने फोन लावला.

"साहेब, त्या पहारेकरी मामांच्या जबाबात..."

"काय? नीट ऐकू येत नाहीये. त्यांच्याच पत्रावर सही करतोय मी. पुन्हा चुकलात की काय?"

बाहेरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

"चुकले ना, साहेब."

"नाही चुकलात? मग झालं तर."

क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं. आता फोन ठेवला असता तरी कुणी तिला बोल लावला नसता. तिने खरंच तो कानापासून थोडा लांब नेला. मग दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला.

"नाही नव्हे, साहेब! ना! चुकले! मी चुकले! मामांनी कुलूप लावलं होतं!"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. पलीकडे खुर्ची सरकली, आणि साहेबांचा आवाज आला, पण तो तिच्यासाठी नव्हता.

"मामा, जरा आत या."