ज्यांचं बिऱ्हाड इथं आहे

“वर घरटं आहे का बघ नीट,” वर्षाराणी मॅडम खालून ओरडल्या. त्या उद्यान विभागातल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात फीत. चिंचेचा घेर त्यांनी मोजून घेतला होता. भोकरकडं जाणारा रस्ता रुंद होणार होता आणि चिंच नेमकी त्या रुंदीत येत होती.

ठेकेदाराचा गडी सुदाम अर्ध्या झाडापर्यंत चढला. एका बाजूनं मान वर करून बघितलं आणि उतरला.

“काय न्हाई मॅडम. मोकळं हाय.”

“असलं तर हात लावायचा नाही, दयानंद. परवानगीतच अट आहे. पिल्लं उडून जाईपर्यंत काम बंद.”

“हाव मॅडम,” ठेकेदार दयानंद म्हणाला.

बुंध्याच्या पलीकडं मंजुळाबाईची चूल होती. ट्रकवाले, हमाल तिच्याकडं भाकरी-पिठलं खायचे. रात्री तिथंच, पालाखाली ती निजायची. तिला दुसरं कुणी नव्हतं, दुसरी जागाही नव्हती. पीठ मळता मळता ती सगळं ऐकत होती.

“अन् माझं काय हो बाई? तुमच्या कागदात माझं काय लिवलंय?”

मॅडम अवघडल्या. “आजी, परवानगी झाडाची असते. जात कोणती, घेर किती, बदल्यात रोपं किती लावायची. माणसाचं त्यात काही नसतं.”

“मंग मी बी वर जाऊन दोन अंडी घालते. तेवढं तरी थांबताल.”

सगळे हसले. मंजुळाबाईही हसली. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपली.

“मावशी, उठू नको बरं का,” शेजारच्या पंक्चरच्या दुकानातून किशनराव म्हणाला. “चुलीपाशी बसून ऱ्हा. कशी तोडतेत बघू.”

“बसणारच हाय. मी काय आज बसले व्हय?”

ते खरं होतं. याआधी दोनदा तिचं पाल उपटून फेकलं होतं, चूल लाथेनं फोडली होती. ती दोन्ही वेळा चिखल कालवून तिथंच बसली. दयानंदला हे माहीत होतं. झाडाचं त्याला काही अवघड वाटत नव्हतं, म्हातारीचं वाटत होतं. ती उठली नाही तर काम अडणार. उद्या दोन बायका आणायच्या आणि तिला धरून बाजूला न्यायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं.

संध्याकाळी माणसं गेल्यावर तो एकटाच परत आला. त्याचे वडील ग्यानोबा जन्मभर लाकूड तोडत आले. त्यांनी घालून दिलेली रीत तो मोडत नसे. परवानगी कचेरीची घ्यायची, तशी झाडाचीही घ्यायची. आदल्या संध्याकाळी, दिवा लागायच्या आत.

त्यानं चप्पल काढली. बुंध्याला हळदकुंकू वाहिलं. तांदूळ ठेवले, नारळ फोडला. हात जोडून डोळे मिटले.

“ज्यांचं ज्यांचं इथं बिऱ्हाड हाय,” तो हळू आवाजात म्हणाला, “मुंगी असू द्या, पाखरू असू द्या, दिसणारं, न दिसणारं, कुणीबी असू द्या. तुमच्या पाया पडतो. उद्या येवढी जागा आमाला मोकळी करून द्या. दुसरीकडं सुखानं नांदा. माझ्या लेकराबाळांवर राग धरू नका.”

बुंध्याच्या पलीकडं चुलीत काटक्या तडतडत होत्या. दयानंदनं झाडाला हात लावून तो कपाळाला लावला आणि निघाला. म्हातारीकडं बघायचं त्यानं टाळलं. तिचं उद्या सकाळी.

सकाळी तो मशीन आणि दोन दणकट बायका घेऊन आला. पाल नव्हतं. जागा झाडून सडा टाकलेला होता. चूल शेणानं सारवून तिला कुंकवाचं बोट लावलेलं होतं. आत विस्तव नव्हता. गिऱ्हाइकाला ताट देण्याआधी भाकरीचा पहिला तुकडा झाडाखाली कुस्करून ठेवायचा, हा मंजुळाबाईचा नेम होता. आज तिथं अख्खी भाकरी कुस्करलेली होती.

“चला, देव पावला,” दयानंद म्हणाला. बायकांना त्यानं परत पाठवलं.

सुदाम दोर घेऊन चढला. यावेळी दुसऱ्या बाजूनं. शेंड्यापाशी पोचला आणि तिथूनच ओरडला, “बंद करा! मशीन बंद करा!”

“काय झालं रे?”

“होल्याचं घरटं हाय. दोन पिल्लं हायत. माय उडतच न्हाई, तशीच बसलीय माझ्याकडं बघत!”

मॅडमला फोन लावला. त्या आल्या, सुदामवर चिडल्या, परवानगीवर तसा शेरा मारला. पिल्लं उडेपर्यंत काम बंद. दयानंद चिंचेखाली उभा राहिला. सारवलेल्या चुलीकडं त्याचं पुन्हा पुन्हा लक्ष जात होतं. मग तो किशनरावच्या दुकानाशी गेला.

“मामा, म्हातारीला निरोप द्या. म्हणावं, ये. पिल्लं हायत तवर ऱ्हा खुशाल. तवर मी बी कुठं जागा बघतो तिच्यासाठी.”

किशनराव ट्यूब घासत होता. त्यानं मान वर केली नाही.

“कुठं देऊ निरोप? काल दिवे लागायच्या टायमाला बोचकं बांधलं अन् निघाली. कुठं चाललीस विचारलं, तर तिलाच ठावं न्हाई.”

“तुम्ही थांबवायचं न्हाई का?”

“थांबवलं की. म्हणलं, मावशी, दोनदा पाल फेकलं तरी हालली न्हाईस, आजच काय झालं?” किशनरावनं ट्यूब बाजूला ठेवली. “म्हणली, ‘तवा लाथ मारून ऊठ म्हणले व्हते रे. आज त्या पोरानं चप्पल काढून, हात जोडून म्हणलं. आता कसं बसावं?’”