बोलणाऱ्याच्या नकळत

"मॅम, 'लिसन टू' म्हणजे ऐकणं, मग 'लिसन इन ऑन' म्हणजे काय?" फोनवरून शिकवणीची मुलगी तिला विचारत होती.

"चोरून ऐकणं. बोलणाऱ्याला पत्ता नसतो, तेव्हाच असं म्हणायचं."

"म्हणजे माझी आई रोज करते ते!"

एरवी ती हसली असती. पण ओट्यावरचं यंत्र खरखरलं. पाळण्याला बांधलेल्या डबीपुढे झालेला बारीकसा आवाजही त्यातून स्वयंपाकघरात पोचायचा. आधी बाळाची नुसती कुरकुर यायची. हल्ली नवऱ्याची आणि सासूबाईंची कुजबुजही येऊ लागली होती.

तिने घाईघाईने फोन ठेवला आणि यंत्राला कान लावला.

"उद्या सकाळी गाडी येईल," नवरा म्हणत होता. "तिला वेड्यांच्या इस्पितळात सोडायचं. बाळ तुझ्याकडे."

"अरे, हळू! तिच्या कानावर गेलं तर?"

"तिला कुठलं कळतंय!"

बाळंतपणानंतर तिची झोप उडाली होती, भास व्हायचे, हे खरं. पण आता ती सावरली होती. परवाच डॉक्टरीणबाई नवऱ्यासमोर म्हणाल्या होत्या, "या ठणठणीत आहेत. बाळाला आईपासून तोडायचं काही कारणच नाही."

सासूबाई दारात आल्या. "आम्ही जरा पडतो गं. तूही पड. तोंड बघ किती उतरलंय."

"हो, आई."

"उगाच कसली काळजी करू नकोस. आम्ही आहोत ना!"

त्यांच्या खोल्यांची दारं लागली. तिने दुपटी, बाटली, ओट्यावर हाताला येईल ते पिशवीत कोंबलं. झोपलेलं बाळ खांद्यावर घेतलं आणि चपला हातात धरून ती बाहेर पडली. बाळ वाचलं, एवढंच डोक्यात होतं.

जिन्याच्या वळणावर पिशवीतून खरखर आली. घाईत यंत्रही आत पडलं होतं.

"गेली?" सासूबाईंचा आवाज.

"गेली. पाळणा रिकामा आहे. पोलिसांना फोन लाव. डोक्यावर परिणाम झालेली सून बाळ घेऊन पळाली म्हणून सांग. आणि जरा रडत सांग."

"सांगते. सुटले बाई एकदाची! रोज या डबीपुढे उभं राहून कुजबुजायचं म्हणजे घसा बसायची वेळ आली होती."