दिवा लावण्याचं साधन

“तुळशीपुढचा दिवा दुसऱ्याच्या हातान लावू नको गो,” सासूबाई शेवटच्या आजारात म्हणाल्या होत्या. मी हो म्हटलं. अकरा वर्षांत एकही संध्याकाळ चुकली नाही.

पनवेलच्या ऑफिसात मी एआय एजंटांना, म्हणजे आपणहून कामं उरकणाऱ्या प्रोग्रामांना, दिलेल्या साधनांची वर्णनं तपासते. साधन काय करतं, केव्हा वापरावं, केव्हा वापरू नये, हे एजंटला नुसतं वाचून कळलं पाहिजे. त्यावर पाचपैकी गुण द्यायचे.

सोमवारी यादीत एक नवं साधन आलं. “नेरे गावी कृष्णाबाईंच्या तुळशीपुढे दिवा लावते. सत्यवती पोहोचली नाही तर वापरावे.”

कृष्णाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सत्यवती मी.

“हे कुणी टाकलं, सर?”

आमच्या टीमचे प्रमुख हरेशसर, त्यांनी वाकून पाहिलं. “नाव दिसत नाही, ताई. कुणीतरी मस्करी केली असेल. वर्णन मात्र चोख आहे. पाच द्या आणि पुढे चला. तुमच्या सोमवारच्या उपासाचा राग त्याच्यावर नको.”

“केव्हा वापरू नये, ते लिहिलेलं नाही,” मी हळूच म्हटलं. शून्य दिलं आणि शेऱ्यात लिहिलं, “सत्यवती जिवंत आहे तोवर वापरू नये.”

आज चार वाजता तेच वर्णन पुन्हा माझ्याकडे आलं. माझी ओळ जशीच्या तशी त्यात घेतली होती. खाली एक नोंद होती.

“पुढचा वापर: आज, संध्याकाळी सात.”

मी पुन्हा शून्य दिलं. बॅगेतली वातींची डबी चाचपून पाहिली, चपला घातल्या आणि नेऱ्याच्या रिक्षाकडे चालू लागले.