तांदळाएवढं नाक

“शून्य,” क्लॅरी चष्मा कपाळावर चढवत म्हणाला. “तुझं यंत्र माझ्यासारखंच सरळ निघालं, पोरी.”

मेरिनने टेबलावरचा सेन्सर उचलला. तांदळाच्या दाण्याएवढा. दोन वर्षं तिने त्याच्यासाठी रक्त आटवलं होतं. समोर बापाची लोखंडी शेगडी रसरसून पेटलेली, आणि पडदा म्हणतो, खोलीत फॉर्माल्डिहाइड नावालाही नाही! लाकूड जळतं तिथे हा घशाला झोंबणारा वायू थोडातरी असणारच.

“बिघडलंय हे,” ती म्हणाली.

“मागच्या खेपेलाही बिघडलं होतं.” क्लॅरीची चाळीस वर्षं लाकूड कापायच्या गिरणीत गेली होती. “दोन उन्हाळे वाळल्याशिवाय माझ्या शेगडीत ओंडका जात नाही. त्या तुझ्या नव्या कपाटांसारखं नाही, नुसता भुसा नि डिंक. ते सोड. ब्रॉन्टीला कधी आणतेस?”

“शेगडी निघाल्यावर.”

लॉन्सेस्टनमध्ये जुलै म्हणजे ऐन हिवाळा; त्या थंडीत म्हाताऱ्याला हे सांगायला काळीज घट्टच लागतं. नातीसाठी आणलेली, शिंपल्यांचं सारण भरलेली पेस्ट्री क्लॅरीने कागदात गुंडाळून मेरिनच्या हातात दिली.

ब्रॉन्टी सहा वर्षांची. एप्रिलपासून तिचा खोकला हटत नव्हता. मेरिनचा संशय थेट बापाच्या शेगडीवर गेला, आणि पोरीचं आजोबांकडे जाणं बंद झालं. दर शनिवारी पोर दारापाशी बूट घालून बसे. पण म्हातारा आकडा पाहिल्याशिवाय ऐकणार नाही, हे ती जाणून होती. आकडा काढायचाच, असा तिने चंग बांधला होता.

आपल्या घरी तिने काही कसर ठेवली नव्हती. खिडक्यांच्या फटी बुजवल्या. ब्रॉन्टीच्या खोलीत मार्चमध्येच नवा पलंग आणि भिंतभर कपाटं केली होती, वर धूर गाळणारं यंत्र आणलं. गावात इतकी स्वच्छ खोली दुसरी नाही, असं ती छातीठोकपणे सांगे. तिच्या प्रयोगशाळेत कायम रसायनांचा वास. म्हणून रोज सकाळी सेन्सरांचा ट्रे ती लेकीच्या उशाशी तासभर ठेवायची आणि तिथली हवा म्हणजे शून्य, असं त्यांना शिकवायची.

“पुन्हा शून्य?” दुसऱ्या दिवशी थान्हने विचारलं. सेन्सर घडवण्यात तो तिचा जोडीदार होता.

“पुन्हा. आणखी तिखट कर त्याला.”

“बाई, इथे नुसती काडी ओढली तरी तो उडी मारतो. आणखी किती तिखट करू?”

“मग डॅडच्या घरीच का झोपतो?”

थान्हने डोकं खाजवलं. शून्याखालचा आकडा दाखवायची सोय त्यांनी पडद्यावर केलीच नव्हती. स्वच्छाहून स्वच्छ हवा असणार कुठली?

“मेलबर्नहून बाटलीतली शुद्ध हवा मागवू,” तो म्हणाला. “शून्य नव्याने लावू, जुनी सगळी मोजमापं परत काढू.”

मेरिनला हा वेळेचा अपव्यय वाटला. तरी तिने बाटली मागवली. बापाला एकही पळवाट ठेवायची नव्हती. दरम्यान ब्रॉन्टीचा खोकला वाढला. आठवडाभर शाळा बुडवून मेरिनच्या नवऱ्याने तिला खोलीतच ठेवलं, दार घट्ट लावून.

शुक्रवारी बाटली आली. थान्ह आकडे काढत बसला. शेगडी उचलून न्यायला मेरिनने माणूससुद्धा ठरवून टाकला होता. आता धीर न धरवून तिने बापाला फोन लावला आणि थान्हकडे पाहिलं.

“बोल की! डॅडच्या घरी किती निघाला?”

“अठरा.”

“अठरा म्हणजे धोका ना?”

“नाही. शंभर ओलांडले की धोका.” थान्हने पडदा हळूच तिच्याकडे वळवला. “पण मेरिन, आपण रोज ज्या हवेला शून्य म्हणत होतो ना, ती दोनशे दहा आहे.”

“हं, किती निघाला?” फोनमधून क्लॅरी विचारत होता. “ऐकतेस ना, पोरी?”

मेरिनला लेकीची बंद खोली आठवली, आणि तिथली भुशा-डिंकाची नवी कपाटं; त्या डिंकातूनही हाच वायू सुटतो.

“डॅड,” ती म्हणाली, “ब्रॉन्टीला घेऊन येतेय. आजपासून ती तुझ्याकडेच झोपेल.”