उजेड परत बोलावण्याबाबत

प्रयोग यशस्वी झाला. पण तो झालाच नाही असं धरून चालू, बिरूची तशी फार इच्छा आहे.

तर प्रयोग अजून व्हायचाय. कडुबाच्या पीएच.डी.चा. एका रंगाच्या उजेडावर चढवलेला मजकूर चार वेगळ्या रंगांच्या उजेडावर एकदम उतरवायचा आणि काचेच्या तारेतून चार संगणकांवर पोचवायचा. वाटेत उजेडाची वीज करायची नाही. वीज केली की मजकूर थांबवता येतो, तपासता येतो. हा थांबतच नाही. हेच त्याचं मोठेपण, असं कडुबा येईल त्याला सांगत होता.

तार वाळूजच्या एका कारखान्यातून उसनी आणलेली. विभागप्रमुख टाय लावून आलेले. पहिल्या खुर्चीवर कडुबाची माय, केसरबाई. विद्यापीठाच्या नामांतरासाठी हर्सूलच्या जेलात राहून आलेली.

"रंग तर दिसंना," ती म्हणाली.

"माय, हे रंग डोळ्याला दिसत नसतात."

"मंग रंग कशापायी म्हणायचं?"

यावर विभागप्रमुखांनी मान डोलावली.

विद्यापीठाला नवं नाव नुकतंच मिळालं होतं. पाठवायचा मजकूर म्हणजे तेवढं नाव, असं ठरलेलं. टाइप करायचं काम बिरूकडं. बिरू देवगाव रंगारीचा, कडुबाच्या खोलीत राहणारा, केसरबाईच्या डब्यातलं जेवणारा. त्यानं न बघता टाइप केलं. बोटांना सवय होती. बटण दाबलं.

चारही पडद्यांवर जुनं नाव आलं. ठळक. एक काना हलला नव्हता.

विभागप्रमुखांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग वाचलं. टाळ्या थांबवायच्या कशा ते त्यांना सुचेना, म्हणून त्या वाजतच राहिल्या.

केसरबाईनं पडद्याला बोट लावून वाचलं. "बाबासाहेबाचं नाव कुठंय?"

कडुबा बिरूकडं बघत होता.

"वाटंत गळालं, मावशी," बिरू म्हणाला. "मशीन नवीन हाय. प्रयोग फसला."

"फसला?" विभागप्रमुखांनी शेरा लिहायला खिशातून पेन काढलं.

केसरबाई दुसऱ्या पडद्यापाशी गेली, तिसऱ्या, चौथ्या. "चारी जागी तेवढंच गळालं व्हय रे?"

बिरूनं विभागप्रमुखांकडं बघितलं. पेनाचं टोपण निघालं होतं.

"नाय मावशी," तो म्हणाला. "मशीननं काय नाय गाळलं. म्या दिलं तेच पोचलं."

"मंग लेकराचा प्रयोग झाला की." तिनं पिशवी उचलली आणि चहा न घेता गेली. बिरूसाठी आणलेला डबा पिशवीतच राहिला.

संध्याकाळी बिरूनं विभागप्रमुखांकडं अर्ज टाकला:

"महोदय, प्रयोग यशस्वी झाल्याचे मला मान्य आहे. तरी आज सकाळी माझ्या हातून गेलेला उजेड अद्याप फार लांब गेला नसल्यास, तो चारही रंगांत मूळ जागी परत बोलावण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."