पलीकडचा धूर

रस्त्यापलीकडे लुआने पुन्हा कागद पेटवला. आज पौर्णिमा. दर पौर्णिमेला आणि प्रतिपदेला सकाळी ती पत्र्याचा डबा फुटपाथच्या कडेला आणून ठेवायची, ख्वेनच्या दुकानाकडे तोंड करायची आणि काहीबाही जाळत उभी राहायची. ख्वेनने एकदा बघितलं आणि मान खाली घालून खेकडे कुटायला घेतले.

भवानीलाच अपशकुनी गिऱ्हाईक आलं की हायफाँगचे दुकानदार कागद पेटवून उंबऱ्यावरून फिरवतात, पीडा जावी म्हणून. लुआची पीडा कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. तिच्या लेकाची, तुंगची बोट वादळातून परत आली नाही, तेव्हापासून ख्वेनचा पायगुण सगळ्यांनाच वाईट वाटायला लागला होता. बाजारातली खेकडेवालीसुद्धा म्हणायची, "मावशी, जरा थांबा हं. भवानी होऊ दे, मग देते." ख्वेन थांबायची. पूर्वीची ख्वेन असती तर तिने टोपलीच उलटी केली असती.

आता तिला राग येत नव्हता. रडूही येत नव्हतं. मघाशी उकळत्या रश्शाचा थेंब मनगटावर उडाला, तो तिला फोड आल्यावर दिसला. जिभेला मीठ कळेना, म्हणून गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघून ती अंदाज बांधायची. गिऱ्हाइकं तरी कुठे फार उरली होती? पूर्वजांच्या देव्हाऱ्यात सासू-सासऱ्यांचा आणि नवऱ्याचा फोटो होता. लेकाचा फोटो तिने कपाटात, त्याच्या शर्टांच्या घडीखाली ठेवला होता. दीर समजावून थकला. "वहिनी, पोराला देव्हाऱ्यात जागा द्या. उपाशी भटकत असेल." "बोट येईल," एवढंच ती म्हणायची.

लुआशी वैर त्याच्या कितीतरी आधीचं. दोघी विकायच्या एकच गोष्ट, खेकड्याच्या रश्शातल्या तांबूस, चपट्या शेवया. एकीच्या पाटीवर 'अस्सल', म्हणून दुसरीच्या पाटीवर 'मूळचं अस्सल'. तेवढ्यावर भागलं असतं. पण एकदा शाळेतून आलेल्या तुंगच्या हनुवटीवर रश्शाचा पिवळा ओघळ दिसला, आणि त्या दिवशी ख्वेनची चूल पेटलीच नव्हती. "तुझंच छान असतं गं, आई," पोरगं शपथेवर म्हणालं. ख्वेनने रस्ता ओलांडून लुआचा यथासांग उद्धार केला. त्यानंतर बोलणं बंद झालं ते कायमचंच.

आज रस्ता लुआने ओलांडला. गुडघे धरत, स्कूटरवाल्यांना शिव्या देत, काखेत गाठोडं घेऊन ती आली आणि न विचारता बाकावर बसली.

"दुकान बंद करतेय. गुडघे गेले माझे. लेक सायगॉनला बोलावतेय."

"बरं," ख्वेन म्हणाली.

"बरं काय? खूश तरी हो जरा!"

ख्वेनला तेही जमलं नाही. "सुटलीस म्हणायची. माझी पीडा घालवायला आता कागद नको जाळायला."

लुआ तिच्याकडे बघतच राहिली. "पीडा? अगं बये, मी तुझ्या नावाने जाळत होते असं वाटलं तुला?"

तिने गाठोडं सोडलं. आत कागदी शर्ट होता, कागदी पँट, कागदी चपला आणि वर नीट घडी घातलेला कागदी रेनकोट. जाळला की मेलेल्या माणसाला पोचतो, तसला सगळा संसार.

"तू तुंगचं काहीच करेनास. दुसऱ्याच्या लेकाला मी माझ्या देव्हाऱ्यात कशी बसवू? म्हणून बाहेर, रस्त्यावर जाळत होते. तुझ्या दाराकडे तोंड करून, म्हणजे घर तरी सापडेल त्याला." लुआने रेनकोटची घडी पुन्हा नीट केली. "आता तू बघ बाई. मी गेल्यावर पोरगं उघडं पडायला नको."

"बोट..." ख्वेन म्हणाली. पुढचं वाक्य रोजच्यासारखं आलं नाही.

चुलीवर कुटलेल्या खेकड्यांचा मऊ गोळा रश्शावर तरंगून आला होता. जोरात उकळला असता तर फुटला असता. लुआने बसल्या जागेवरून हात लांब करून आच कमी केली. ख्वेन उठून आत गेली.

कपाट उघडल्याचा आवाज आला. मग उदबत्तीचा वास. लुआने वाकून आत पाहिलं. बापाच्या शेजारी आता तुंग होता, हसरा, केस विस्कटलेला.

ख्वेन बाहेर आली. तिने वाडग्यात शेवया घातल्या, रश्शात पळी बुडवली, आणि पळी तिथेच थांबली. मनगटावरचा फोड एकाएकी झोंबायला लागला. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलंही नाही.

"लुआ," ती म्हणाली, "तुझ्याकडचा एक वाडगा आण गं. त्याला माझं कधीच आवडलं नाही."