मोलेफीची आई

जनगणनेची वही घेऊन मी डोंगरावरच्या शेवटच्या घरी पोचले. सासू-सुना ब्लँकेट पांघरून दारात मक्याची कणसं सोलत बसल्या होत्या.

"नाव?" मी सुनेला विचारलं.

"मोलेफीची आई," सासूच बोलली. "लग्नाच्या दिवशी मी ठेवलंय."

आम्हा बसोथो लोकांची रीतच ती. पोर पोटात यायच्या आधीच सासू त्याचं नाव ठरवते, आणि नवी नवरी त्या दिवसापासून त्याची आई होते.

"नवरा?"

"आठव्या दिवशी सीमेपल्याडच्या सोन्याच्या खाणीत गेला," सून म्हणाली. "सहा महिन्यांनी पेटीतून आला."

"मुलं?"

"तेवढे दिवस मिळाले कुठे."

मी शून्य लिहिलं. म्हातारीने वहीत डोकावून पाहिलं.

"शून्य काय लिहितेस गं? सरकारला माणसं मोजायची तेवढी हौस. मोलेफी लिही. यंदा एकविसावं लागलं असतं त्याला."

तिची समजूत घालायला मी म्हटलं, "आजी, घरात नसलेल्या माणसापुढे तो सध्या कुठे असतो ते लिहावं लागतं. जो जन्मलाच नाही, तो कुठे असतो म्हणून लिहू?"

सुनेने हातातलं कणीस पुरतं सोललं, टोपलीत टाकलं आणि दुसरं उचललं.



"खाणीत लिही," ती म्हणाली. "दुसरं कुठे असणार तो."